बरगंडीची पारख

कषाय रसाचे मर्म ज्या वैद्यकाने शतकानुशतकांपूर्वी ओळखले आणि ज्या भाषेने त्यासाठी ‘तुरट’ असा नेमका शब्द जतन केला, त्या परंपरेत वाढलेल्या पुणेकराला तांबड्या वाइनची परीक्षा करण्याकरिता परकी परिभाषा उसनी आणण्याचे फारसे प्रयोजन नाही. विड्यातला कात आणि अर्धकच्चे जांभूळ ज्या जिभेने चाखले, तिला द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरणारा तुरटपणा नवा नव्हे. तो रेशमी आहे की खरखरीत, एवढेच तिने सांगावयाचे.

फ्रान्समधील बरगंडी प्रांताची तांबडी वाइन जवळजवळ सर्वस्वी पिनो न्वार या द्राक्षाची. त्याची साल पातळ, म्हणून वाइनचा रंग फिका. आणि गडद ते कसदार हा आपला बाजारी हिशेब इथेच फसतो. 1395 साली तेथील ड्यूक फिलिप याने भरघोस पिकणाऱ्या गामे जातीच्या वेली उपटून टाकण्याचे फर्मान काढले, ते पिनोचाच मान राखण्यासाठी. आपल्याकडे शामराव चौगुले यांनी नारायणगावी ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन सिद्ध करून पुणे जिल्ह्याचे नाव परदेशी पोहोचविले हे खरे. तथापि जेथे वेलीला हिवाळी निद्रा लाभत नाही, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी करून तिला दोनदा पालवावे लागते, तेथे थंड हवेतच खुलणाऱ्या पिनोचे सूत जुळणे कठीण. आपल्या बागाईतदारांनी शिराझला जवळ केले, यात शहाणपणच आहे.

मद्य पिण्याच्या परवान्याची बाब ज्याची त्याने पाहावी. मी विधी तेवढा सांगतो. वाइन खोलीच्या तपमानाला प्यावी हा दंडक एप्रिलातल्या सदाशिव पेठेत पाळला, तर तिचा काढा होईल. म्हणून बाटली सुमारे सोळा अंशांपर्यंत निववावी. तृतीयांश भरलेला पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला की काठाची विटकरी छटा वय सांगते. मग प्रथम न हलविता आणि नंतर घोळवून हुंगावे : तरुण वाइनला स्ट्रॉबेरीचा, कधी मला तर रातांब्याचाही, आणि मुरलेलीला कुजत्या पानांचा, अळंबीचा, भिजल्या मातीचा वास येतो. घोट उतरल्यावर तंबोऱ्याची आस ऐकावी तशी चव किती रेंगाळते, हे न बोलता पाहावे.

रिकाम्या पेल्यातही तो गंध सकाळपर्यंत राहतो. आमच्या घरी पेले रात्रीच घासले जातात. म्हणून अलीकडे एक पेला मी पुस्तकांच्या कपाटात दडवून ठेवतो.