भिंतीवरचे विष



हिवतापाची फवारणी नको, असे आपण म्हणत नाही. हिवताप माणसे मारतो. पण १९७६ साली पाकिस्तानात हिवतापासाठीच घराघरांत मॅलॅथिऑन मारणाऱ्या सुमारे २,८०० कामगारांना विषबाधा झाली, पाच दगावले. औषध तर सौम्य म्हणून नावाजलेले! त्या मालात आयसोमॅलॅथिऑन हे जहाल द्रव्य होते. उष्ण कोठारात साठवलेल्या मॅलॅथिऑनमध्ये ते तयार होते. त्यात कामगारांचे अंग उघडे, कपडे भिजलेले. (कपाशीवर आपण तरी वेगळे काय करतो?)

म्हणून पथक आले की डब्यावरची तारीख विचारू. ज्वारीची पोती, माठ, पाळणा आधी अंगणात काढू. फवारणाऱ्या पोरांना हातमोजे नसतील तर पंप उचलू देणार नाही. तीही आपलीच पोरे. आणि उरलेली डीडीटी शेतासाठी मागून घ्यायची नाही. शेतीत तिला १९८९ पासून बंदी आहे.