कुर्ल्याचा दगड
(युवा शिबिरातील भाषण)



आयोजकांनी मला मोठ्या शहरांमधल्या भटकंतीबद्दल बोलायला सांगितलं, तेव्हा मी थोडा बिचकलो. मी काही प्रवासवर्णनं लिहिणारा माणूस नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एका प्रोजेक्टसाठी कंपनीने सहा महिने लंडनला पाठवलं, म्हणून लंडन पाहिलं. पण त्या सहा महिन्यांनी मला लंडनपेक्षा मुंबईबद्दल जास्त शिकवलं. तेवढंच सांगतो.

लंडनमध्ये शुक्रवारी रात्री मी नकाशा उघडून शनिवारचा बेत आखायचो. टॉवर ब्रिज पाहिला. ब्रिटिश म्युझियममध्ये तीनदा गेलो, कारण तिथे प्रवेश मोफत आहे आणि एका दिवसात ते संपतच नाही. एकदा जुम्म्याच्या नमाजासाठी पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनवरच्या जामे मशिदीत गेलो. इमारत मशिदीसारखी दिसेना. बाहेर भिंतीवर एक सूर्यघड्याळ होतं आणि त्यावर साल होतं १७४३. खोलीवर येऊन वाचलं. फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या प्रोटेस्टंट लोकांनी ते चर्च म्हणून बांधलं होतं. पुढे ते मेथॉडिस्ट पंथाचं प्रार्थनास्थळ झालं. १८९८मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग झालं. १९७६मध्ये बांगलादेशी कामगारांची मशीद झाली. भिंती त्याच, माणसं बदलत गेली. जो नवा आला त्याला आधीच्याने जागा करून दिली, असं काही मी म्हणणार नाही; तिथेही दंगे झाले, मारामाऱ्या झाल्या. पण ती इमारत आज कुणा एकाची नाही, हे तिच्याकडे पाहिल्यावर कळतं.

सोमवारी ऑफिसात हे सगळं मी उत्साहाने सांगितलं. तिथल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "मी मुंबईला आलो तर काय पाहू?" मी म्हणालो, "गेटवे ऑफ इंडिया." तो म्हणाला, "ते फोटोत पाहिलंय. आणखी?" मला पुढे काही सुचेना. ज्या शहरात जन्मलो, शिकलो, त्या शहराबद्दल मला तीन वाक्यं बोलता येईनात.

खरं तर कॉलेजची चार वर्षं मी रोज कुर्ल्याहून लोकलने सीएसटीला उतरत होतो. १८८८मध्ये पूर्ण झालेलं ते स्थानक २००४पासून जागतिक वारसा आहे. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे, दुसऱ्या बाजूला वाघ. एक ब्रिटनचं प्रतीक, दुसरं हिंदुस्थानचं. मी चार वर्षांत एकदाही मान वर करून ते पाहिलं नव्हतं.

असं का झालं असेल? कामाची घाई हे एक कारण. पण दुसरं कारण मला नंतर कळलं, आणि ते इथे बोलायला हवं. नोकरी लागल्यावर मी भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर घर रिकामं असायचं, माझं नाव ऐकल्यावर ते 'नुकतंच गेलेलं' असायचं. असं चार-पाचदा झालं की माणूस आपल्या वस्तीत परत येतो आणि तिथेच बरं म्हणतो. मग हळूहळू राहण्यासोबत फिरणंही तिथेच होऊ लागतं. शहर कामापुरतं उरतं.

परत आल्यावर मी ठरवलं, अम्मीला म्युझियम दाखवायचं. तेच, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. अम्मी पस्तीस वर्षं मुंबईत आहे. बसमधून तिने तो घुमट कितीदा पाहिला असेल, आत कधी गेली नव्हती. दाराशी पोचल्यावर तिने बुरखा सारखा केला आणि हळूच विचारलं, "आपल्याला आत सोडतील ना रे?"

ते वाक्य मी विसरू शकत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या पायऱ्या चढताना, परक्या देशात, मला हा प्रश्न पडला नव्हता. माझ्या आईला तो तिच्या स्वतःच्या शहरात पडला.

अर्थात आत सोडलं. तिकीट काढलं, बॅग तपासली, बस्स. मी घरून वाचून गेलो होतो. तिला सांगत होतो की हा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला आहे, आतलं कोरीव लाकूडकाम नाशिकच्या एका वाड्यातून आणलेलं आहे. ती "अच्छा, अच्छा" म्हणत होती. मग मी म्हणालो, "आणि बाहेरच्या भिंतीचा हा करडा दगड कुर्ल्याचा आहे, तो पिवळसर मालाडचा." अम्मी थांबली. भिंतीवर हात ठेवला. म्हणाली, "म्हणजे आपल्याकडचाच की." त्यानंतर ती माझ्या पुढे चालत होती.

मित्रांनो, भटकंतीचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे. एका भिंतीने घरमालकांची मनं बदलत नाहीत, हे मला माहीत आहे. त्यासाठी कायदा हवा, संघटन हवं. पण ज्याला आपल्या शहराची माहितीच नाही, तो त्यावर हक्क तरी कशाच्या जोरावर सांगणार?

म्हणून एखादी वास्तू पाहताना सेल्फीआधी तीन प्रश्न विचारा. पैसा कुणाचा? दगड कुठला? हात कुणाचे? उत्तरं शोधा, मजा येते. राजाबाई टॉवर १८७८मध्ये पूर्ण झाला, तो प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याच्या पैशातून; राजाबाई हे त्यांच्या आईचं नाव. काळा घोड्याजवळच्या वाचनालयाला ज्यांचं नाव आहे ते डेव्हिड ससून बगदादचे ज्यू. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद १८०२मध्ये पूर्ण झाली. ती एका जुन्या तलावावर उभी आहे आणि तिच्या उभारणीत कोकणी मुसलमानांचा वाटा होता. ब्रिक लेनसाठी मी विमानाने गेलो. हे सगळं सीएसटीपासून पायी फिरता येतं.

शेवटचा मुद्दा मुलग्यांसाठी. मी लंडन फिरलो तेव्हा माझी बहीण मुंबईत एकटी मरीन ड्राइव्हलाही जात नव्हती, कारण घरात "कशाला?" असं विचारलं जायचं. मला कुणी विचारलं नाही. हाजी अलीच्या दर्ग्यात मजारीपर्यंत जाण्यासाठी स्त्रियांना उच्च न्यायालयात जावं लागलं. २०१६मध्ये निकाल लागला आणि त्याच वर्षी वाट मोकळी झाली. काही दारं बाहेरच्यांनी बंद केलेली असतात, काही आपणच केलेली असतात. दोन्हींबद्दल बोलू या.

तर या शिबिरातून घरी गेलात की एक काम करा. तुमचं गाव मुंबई असो, पुणे असो, औरंगाबाद असो की सोलापूर, तिथली एक वास्तू निवडा. तिच्याबद्दल आधी वाचा. येत्या रविवारी तिथे जा. आणि जाताना घरातलं असं कुणीतरी सोबत न्या, जे तिथे कधीच गेलेलं नाही.