दोन दिवस स्वतःसाठी

बाई घराबाहेर कशासाठी पडते? लग्नाला, बारशाला, दहाव्याला, नाहीतर दवाखान्यात. देवाला गेली तरी सगळ्यांचा डबा तिच्याच पिशवीत. नुसतं विसाव्यासाठी, मैत्रिणीबरोबर दोन दिवस गेली, असं आपल्याकडं फारसं ऐकू येत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

माझ्याकडं 14 गटांचं काम आहे. मार्च महिना म्हणजे कर्जाचे हप्ते, बँकेचे कागद, वर्षाचा हिशेब. शेवटच्या आठवड्यात तर रात्री झोपेतही आकडे दिसायचे. माझी मैत्रीण आशा कार्यकर्ती आहे. तिचाही दिवस उन्हातान्हात घरोघर फिरण्यात जातो. आम्ही दोघींनी गणपतीनंतरच ठरवलं होतं, मार्च संपला की दोन दिवस वाईला जायचं. त्यासाठी दर आठवड्याला प्रत्येकी 30 रुपये वेगळ्या डब्यात टाकले. 30 आठवड्यांत 900 रुपये झाले.

घरी विचारणा झालीच. सासूबाई म्हणाल्या, "दोघीच? आन् काय काम हाय तिथं?" मी म्हटलं, "आत्या, काम काहीच नाही, म्हणून तर जायचंय." मग धारेचं मालकांनी अंगावर घेतलं, पोरांच्या डब्याचं जाऊबाईंनी. पुढच्या महिन्यात जाऊबाई माहेरी गेल्या, तेव्हा त्यांच्या पोरांचं मी बघितलं. अशी फेड आधीच ठरली, की कुणाचा उपकार वाटत नाही.

पाहुण्यांकडं उतरायचं नाही, हेही ठरलं होतं. पाहुण्यांकडं गेलं की तिथंही पोळपाट आपल्याच हातात येतो. साध्या लॉजवर आधार कार्ड दाखवून खोली घेतली. खर्च सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. खोलीचे प्रत्येकी 400, चहा-जेवण 220, एसटीचे जाऊन-येऊन साधारण 200. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एकूण 820 झाले, 80 उरले.

वाईत कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तिथल्या घाटावर वसईच्या स्वारीतून आणलेली मोठी घंटा टांगलेली आहे. पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून तासभर बसलो. कुणी हाक मारत नव्हतं, कुकरची शिट्टी मोजायची नव्हती.

तिथं मैत्रीण हळूहळू बोलायला लागली. चार महिने एक दुखणं ती अंगावर काढत होती. घरी सांगायला निवांत वेळच मिळाला नव्हता. हे तिला विचारूनच तुम्हाला सांगते आहे. दुसऱ्यांच्या तब्येतीची नोंद ठेवणारी बाई, पण तिची नोंद कुणाच्याच वहीत नव्हती. सोमवारी आम्ही दोघी ग्रामीण रुग्णालयात गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वेळेत आलात." आता औषध चालू आहे, उतारही आहे.

मैत्रिणींनो, आपल्या गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी. पैशाची बचत आपण शिकलो, तशी विसाव्याचीही शिकायला हवी. दोन दिवस जमत नसेल तर एक दिवस काढा. वाई लांब असेल तर जवळचं तळं, टेकडी, देऊळ बघा. पण मैत्रीण बरोबर हवी आणि काम मागं राहायला हवं. येत्या बैठकीत हा विषय घ्या. कोण कुणाबरोबर जाणार, मागं कुणाचं घर कोण बघणार, तेवढं ठरवा आणि इतिवृत्तात लिहून टाका. लिहिलं की ते होतं, हा आपला अनुभव आहे.