खोडावरून उतरणारे पाणी आणि जंगलाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मुख्य भाग)



मी अर्थशास्त्राचा माणूस, वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. तरीही आज झाडाच्या खोडावरून उतरणाऱ्या पाण्याविषयी बोलणार आहे. कारण वनजमिनीच्या सरकारी हिशेबातून नेमकी हीच नोंद गळते.

सह्याद्रीतल्या एखाद्या देवराईत आषाढात उभे राहावे. पुष्कळसे पाणी पानांतून खाली गळते, थोडे पानांवरच सुकते आणि काही फांद्यांवरून खोडाकडे वळून बुंध्याशी उतरते. हा शेवटचा वाटा लहान, बहुधा शेकडा दोन-चार; साल गुळगुळीत असेल तर अधिक. परंतु सरासरीने फसू नये, हे आपण दरडोई उत्पन्नाबाबत वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. समजा, ५० चौरस मीटरच्या पर्णसंभारावर १०० मिलिमीटर पाऊस पडला. ते झाले ५,००० लिटर. त्यातले शेकडा चार, म्हणजे २०० लिटर, बुंध्याभोवतीच्या अर्ध्या चौरस मीटरात मुरले, तर तेवढ्या जागेला ४०० मिलिमीटर पाऊस मिळाला! तेथून ते जाड मुळांच्या कडेने, कुजलेल्या मुळांनी मागे ठेवलेल्या पोकळ वाटांनी खोल जाते. झाड स्वतःही पुष्कळ पाणी पिते, हे मान्य केले पाहिजे. जंगल म्हणजे पाण्याचा कारखाना नव्हे. पण पाऊस वाहून न जाता जमिनीत शिरण्याची सोय तेथे असते, आणि खालच्या वाडीचा झरा त्या मुरण्यावर जगतो.

आता हिशेब पाहा. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली वनजमीन खाणीला द्यायची, तर पर्यायी वनीकरण करावे लागते आणि 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरावे लागते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे दर हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये ठरविले. २०२२ मध्ये ते वाढले. झाडे मात्र दुसऱ्या तालुक्यात, प्रसंगी दुसऱ्या जिल्ह्यातही लावली जातात. कागदावर हेक्टराला हेक्टर जुळतो. ज्या वाडीचा झरा आटला, तिला परजिल्ह्यातील रोपांचा काय उपयोग? (ती जगली तर!) जुन्या मुळांच्या वाटा तेथे कोठून येणार? हंडा घेऊन मैलभर जादा चालणाऱ्या बाईच्या श्रमांचे वर्तमान मूल्य तर कोणत्याच तक्त्यात नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाच्या रक्षणाचा अधिकार दिला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने तो २००९ मध्ये मिळविला. जेथे दावे पडून आहेत, तेथे आपल्या कार्यकर्त्यांनी दाव्याबरोबर झऱ्यांचीही नोंद करावी : कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, त्याच्या वर कोणती राई आहे. वनजमीन मागणारा प्रस्ताव आला की हाच कागद ग्रामसभेपुढे ठेवता येईल.