सेमिनरीची लांब वाट

करमाडचा प्रदेश १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. इथला एखादा कॅथलिक तरुण सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, जायचं म्हणाला, तर कोवळ्या वयात आयुष्यभराचा निर्णय कशाला, ही घरच्यांची शंका रास्तच आहे. पण सेमिनरीत प्रवेश म्हणजे अखेरचा शब्द नव्हे. चर्चचा कायदा तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्राच्या अभ्यासासाठी सहा पूर्ण वर्षं सांगतो, साधारणपणे वयाची पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय धर्मगुरुपदाची दीक्षा देत नाही आणि दीक्षेसाठी सक्ती करायला स्पष्ट मनाई करतो. मग धर्मगुरूंची गरज असताना एवढा विलंब का? कारण धर्मगुरूचं ब्रह्मचर्याचं वचन जन्मभराचं असतं. ते समजूनउमजून द्यायला वेळ हवाच. म्हणूनच मध्येच घरी परतणाऱ्या मुलाला, श्रोतेहो, कृपा करून नापास ठरवू नका.