हरवलेल्या पार्सलाचा माग



पूर्वी गावात पार्सल आले की साऱ्या आळीला कळायचे. व्ही.पी.ने पंचांग यायचे, एखादे पुस्तक यायचे, नाहीतर औषध. पोस्टमन आधी पैसे मोजून घ्यायचा आणि मगच पुडके हाती द्यायचा. आता मागणी मोबाईलवरून जाते आणि बहुतेक वेळा पैसेही आधीच जातात. वस्तू वेळेवर आली तर सारे गोड. न आली म्हणजे दार कुणाचे ठोठवायचे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मलाही नव्हते.

मी नांदेडचा. माझ्या आत्याबाई उदगीरला असतात. त्यांना कानाने कमी ऐकू येते. जुने यंत्र बिघडले म्हणून मी मोबाईलवरून नवे मागवले, २,८०० रुपये आगाऊ भरले आणि पत्ता उदगीरचा दिला. आठ दिवस झाले, दहा झाले, यंत्र काही येईना. मोबाईलवर पाहिले तर लिहिलेले, ‘ग्राहक फोन उचलत नाही, पार्सल परत पाठवले.’ कंपनीला मनात चार शब्द सुनावले. मग पत्ता नीट वाचला. उदगीरचा पिनकोड ४१३५१७. मी टाकला होता ४३१५१७, म्हणजे अंबाजोगाईचा! नांदेडच्या माणसाचा हात ४३१ ला सरावलेला. खाली बीड जिल्ह्याचे नावही आपोआप उमटले होते, पण ते वाचतो कोण? आणि फोन नंबर दिला होता आत्याबाईंचा. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांनी फोन उचलायचा कसा, हा विचार मला सुचला नाही. चूक माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हे.

या आकड्यांबद्दल थोडे सांगतो. पिनकोड आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ती योजना आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्याने. हे गृहस्थ संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची गावे देशभर, पत्ते नाना लिप्यांतले, तेव्हा आकडाच बरा, असा हिशेब. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा छाटणीचा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणारी कचेरी. ४१३ सोलापूरच्या बाजूचा, ४३१ छत्रपती संभाजीनगरच्या बाजूचा. आपण लातूरकर आणि नांदेडकर शेजारी खरे, पण टपालाच्या नकाशात दोन वाटांवर बसलेले आहोत. दोन आकडे उलटे झाले की पार्सल भलत्याच वाटेला लागते.

दुसरी अडचण खेड्यातली. आपले जुने पत्ते ‘मु., पो., ता., जि.’ असे असत. मुक्काम एक आणि पोस्ट दुसऱ्याच गावचे, हे नेहमीचेच. मोबाईलच्या चौकटीत ‘पो.’साठी वेगळी जागा नसते. वडगाव, पिंपळगाव, सावरगाव ही नावे तर मराठवाड्यात किती ठिकाणी सापडतील! म्हणून गावाच्या नावापुढेच पोस्ट आणि तालुका लिहावा, आणि शाळा, देऊळ, सोसायटीची कचेरी अशी एखादी खूणही द्यावी. गुरुजींना एक विनंती. पत्रलेखनाच्या तासाला मुलांकडून हा पूर्ण पत्ता एकदा लिहून घ्या. आज घरोघरी मागणी नोंदवायला मोबाईल मुलांच्याच हाती असतो.

आता समजा पत्ता बरोबर आहे, मोबाईल म्हणतो ‘पोचले’, आणि घरात काहीच नाही. आधी घरात आणि शेजारी विचारा. एस.टी. स्टँडजवळच्या दुकानातही विचारा, कारण कुरिअरचा पोरगा गावात न येता तिथेच ठेवून जातो, असे पुष्कळदा घडते. नाही सापडले तर त्याच दिवशी कंपनीकडे तक्रार नोंदवा. पार्सल कुणी घेतले, सही, फोटो किंवा ओटीपी कुणाचा, हे विचारा. ओटीपी पार्सल हाती आल्यावाचून सांगू नये. आणि मागणी, पैसे, ‘पोचले’चा मजकूर, या सगळ्याचे मोबाईलच्या पडद्यावरचे फोटो काढून ठेवा.

कायदा इथे आपल्या बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम २०२० सालचे आहेत. कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाली काढायची. अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या कंपनीने तक्रारीला क्रमांकही द्यायचा, तो लिहून ठेवा. सांगितलेल्या मुदतीपेक्षा माल उशिरा आला, तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. पूर, वादळ यांसारखे कारण असेल तर गोष्ट निराळी.

एवढ्याने भागले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे. फोन फुकट, मराठीत बोलता येते. ते हुकूम देत नाहीत, पण तक्रार कंपनीच्या गळ्यात नेऊन बांधतात, आणि पुष्कळदा तेवढे पुरते. तरीही नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता तिथल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की बंगळूरची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची.

एक धोका मात्र आवर्जून सांगतो. पार्सल न आल्याने माणूस कावराबावरा होतो आणि मोबाईलवर ग्राहकसेवेचा नंबर शोधतो. तिथे भामटे टपलेले असतात. ‘पत्ता अपुरा आहे, दुरुस्तीला पाच रुपये भरा’ असा संदेश पोस्टाच्या नावानेही येतो. नंबर घ्यायचा तो त्या कंपनीच्या अॅपमधूनच. आणि पैसे परत यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. जो मागेल तो चोर समजावा. फसलाच तर ताबडतोब १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची आशा असते.

आत्याबाईंच्या यंत्राचे पुढे असे झाले. पत्ता माझाच चुकलेला, म्हणून उशिराबद्दल मी भांडलो नाही. पण माल विक्रेत्याकडे परत पोचला होता, तेव्हा पैसे ठेवून घेण्याचे त्यांना कारण नव्हते. ‘चौकशी चालू आहे’ हेच उत्तर तीनदा आले. महिना उलटल्यावर १९१५ ला फोन केला, त्यानंतर नवव्या दिवशी रक्कम जमा झाली. तोवर त्या माउलीने दीड महिना खुणांवर काढला. नातवाची बोलणी तिला भिंतीआडची वाटायची.

दुसरे यंत्र मी उदगीरलाच मागवले. पिनकोड भाच्याकडून दोनदा वाचून घेतला आणि फोन नंबर त्याचा दिला. चौथ्या दिवशी पार्सल आले. आत्याबाईंनी यंत्र कानाला लावले आणि पहिला प्रश्न केला, ‘‘इतके दिवस अंबाजोगाईत कुणाच्या कानाला लावलं होतंस रे?’’