जावरच्या मुशी



विज्ञानाचा इतिहास म्हटला की आपण पोथ्या उघडतो. आर्यभट, सुश्रुत, भास्कराचार्य पोथ्यांमुळेच आपल्याला कळले. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या कारागिराने मात्र सहसा काही लिहून ठेवलं नाही. त्याची विद्या शोधायची तर जमीन उकरावी लागते. राजस्थानातल्या जावरला नेमकं हेच घडलं.

उदयपूरच्या दक्षिणेला, अरवलीच्या डोंगरांत जावरच्या जुन्या जस्ताच्या खाणी आहेत. वापरून टाकलेल्या मातीच्या मुशींचे ढीग तिथे पिढ्यान्‌पिढ्या पडून होते. लोकांनी त्या रचून भिंतीही उभारल्या. १९८०च्या दशकात बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून तिथे उत्खनन केलं, आणि मुशींसकट भट्ट्याच हाती लागल्या. एकेका भट्टीत ३६ मुशी, सगळ्या तोंड खाली करून बसवलेल्या.

असं का? जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि खनिजातून ते सुटं करायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे धातू निघतो तो वाफ होऊनच, आणि हवा लागली की त्या वाफेचं भस्म होतं. म्हणून वर आग, मध्ये भोकांची जाळी आणि खाली थंड कप्पा. मुशीच्या तोंडात काडी खोचत. त्यामुळे मूस उलटी केली तरी माल सांडत नसे. पुढे काडी जळून जाई आणि वाफेला खाली उतरायला वाट मिळे.

‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात वांग्याच्या आकाराच्या मुशीतून जस्त काढण्याची कृती आहे. पण ग्रंथात कृती कळते, कारभार कळत नाही. जावरला मोठा उद्योग नांदत होता, हे ढिगांनी आणि भट्ट्यांनीच सिद्ध केलं. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताची वाफ खाली उतरवण्याच्या अशाच पद्धतीचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. जावरच्या भट्ट्या त्याच्या कितीतरी आधीच्या.

म्हणून विज्ञानाच्या इतिहासात पुरातत्त्वाला पोथीच्या बरोबरीचं स्थान मिळालं पाहिजे. आपल्या नागपूर जिल्ह्यातही, नायकुंडला, महापाषाणयुगातली लोखंडाची भट्टी उत्खननातच सापडली. तेव्हा श्रोतेहो, शेत नांगरताना लोखंडाचा कीट किंवा भाजलेल्या मातीच्या नळ्या लागल्या, तर बांधावर फेकू नका. त्या जागच्या जागी राहू द्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.